पैलवानाच्या किडन्या

आमच्या मांजराला काहीही झालेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही पण शेजारच्या काकूंसारखं "अरेरे, कधीपासनं ओ?" म्हणायला लागाल. पैलवान सात वर्षांचा, तांबडा, खाऊनपिऊन तब्येतीनं, आणि अख्ख्या गल्लीला दम देऊन असतो. पण लेक सुट्टीला घरी आली आणि म्हणाली पप्पा ह्याच्या किडनीचं माप घेऊया. मी म्हटलं शिवायचंय काय काही त्याला?

तिचं म्हणणं असं की म्हाताऱ्या मांजरांना किडनीचा आजार फार होतो आणि मांजर जात अशी पक्की की पत्ता लागू देत नाही, किडनीचं जवळपास पाऊण काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, ते पण नीट वर चढत नाही. म्हणून चांगलं असतानाच सोनोग्राफी करून माप लिहून ठेवायचं, म्हणजे पुढं किडनी आकसली का सुजली ते ताडून बघता येतं. आता एवढं शास्त्र सांगितल्यावर नाही कोण म्हणणार.

तर रात्रीपासनं उपास. पोट भरलेलं असलं, गॅस असला की मशीनला आतलं नीट दिसत नाही म्हणे. पैलवानाचा उपास म्हणजे सगळ्या घराचा उपास, कारण फ्रिजचं दार उघडलं की हा हजर, डब्याचं झाकण वाजलं की हजर, आणि नुसता हजर नाही, आपण त्याच्या बापजाद्यांची जमीन लाटल्यासारखं ओरडतोय. सकाळचा चहा आम्ही खाली हॉटेलात जाऊन प्यालो. आई तेवढी घरात बसून "मुक्या जनावराला उपाशी ठेवूलालाय, कुठं फेडाल" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणत होती.

मग कपडे टाकायच्या झाकणाच्या टोपलीत घालून, वरनं सुतळी बांधून बेळगावातल्या शहापूरहून टिळकवाडीला. रिक्षावाला गोवावेसपर्यंत गप्प होता, तिथं ट्रॅफिकमध्ये टोपलीतनं आवाज आला तसा वळून म्हणाला, "मांजर हाय काय ओ? आधी सांगायचं की." मांजर आडवं गेलं तर थांबायचं एवढं त्याला माहीत होतं, पण तेच मांजर मागच्या सीटवर बसून आपल्याबरोबरच निघालंय म्हटल्यावर काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी मीटरवर वीस रुपये जास्त घेऊन त्यानं शांत करून घेतली.

डॉक्टरांकडं आधी पोटाच्या दोन्ही बाजूचे केस मशीननं काढले, केसांत हवा अडकते आणि हवेतनं सोनोग्राफीचा आवाज आत जात नाही. मग जेल. आमची तयारी बोचकारून घ्यायची होती, टॉवेल, जाड शर्ट, सगळं. आणि ह्या गड्याला ते पोट चोळून घेणं इतकं आवडलं की डोळे मिटून जोरात घुरघुर सुरू! स्क्रीनवर नुसता भूकंप. डॉक्टर किडनीच्या ह्या टोकाला खूण करतात, त्या टोकाला करेपर्यंत चित्र हललेलं. "मांजर चावलं तर चालतंय ओ, हे असलं नको," म्हणाले आणि कंपाउंडरला म्हणाले नळ सोड. वाहत्या पाण्याचा आवाज आला की बरीच मांजरं घुरघुर थांबवतात, डॉक्टर लोकांची जुनी युक्ती आहे ती. फक्त त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं.

मग तो बिचारा बिंदगीतनं मगानं बादलीत पाणी ओततोय, परत बिंदगीत भरतोय, परत ओततोय, लेक मोबाईलवर धबधबा शोधतेय, मी पुढचे पाय धरून उभा. पैलवानानं एक कान तिकडं वळवला, घुरघुर थांबली आणि तेवढ्यात डॉक्टरांनी माप मारलं. डावी ३.९, उजवी ४ सेंटीमीटर.

चांगलं का वाईट? मी विचारलं. तर मोठ्या मांजराची साधारण ३ ते ४.५ असते, नर असला, अंगानं थोर असला तर जरा मोठी, नसबंदी झालेली असली तर जरा लहान. (इथं पैलवानानं माझ्याकडं बघितलं.) म्हणजे ३.२ पण नॉर्मल, ४.३ पण नॉर्मल. आणि म्हणूनच, डॉक्टर म्हणाले, ह्याचं स्वतःचं माप हातात असलेलं बरं, उद्या ४ ची ३.२ झाली तर पुस्तक नॉर्मलच म्हणेल पण आपल्याला कळेल की काहीतरी बिघडलंय. हे मात्र पटलं मला, बिल बघेपर्यंत.

घरी आल्यावर आईचा पहिला प्रश्न, "काय निघालं?"

"काही नाही."

"मग पैसे परत मागायचे की."

रिपोर्ट लाईट बिलाच्या फाईलीत गेला. पैलवान दोन्ही कुशी तासलेल्या अवस्थेत कट्ट्यावर जाऊन बसला आणि गल्लीभर ऑपरेशन झालं, खरूज झाली, कोर्टाची भानगड आहे, काय वाट्टेल ते सुरू झालं. काकू संध्याकाळी आल्याच. मी सगळं सांगितलं, माप, ते आधीच का घ्यायचं, पाऊण किडनी, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, काकांना वीस वर्षं शुगर आहे आणि टेस्टचं नाव काढलं की ते गावाला जातात.

"टोपली रिकामी हाय काय ओ तुमची?" काकू म्हणाल्या. "जरा मोठी असली तर बघा."