सूर्यफुलाची पानं करपली: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार दिलात. लिहिलंत की आमच्याकडून नेलेल्या सहा सूर्यफुलांची पानं कळी धरायच्या आधीच करपली, काउंटरवरच्या मुलाने ‘बुरशी आहे’ म्हणत गंधकाची पुडी दिली आणि ती फवारल्यावर दोन दिवसांत चार रोपं गेली. तुमचे तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. चूक आमची आहे.

पहिल्या फोटोत खालच्या पानांवर गोल तपकिरी डाग आहेत, भोवती पिवळी कडा आणि आत एकात एक वर्तुळं. हा करपा, अल्टरनेरिया बुरशीचा. परतीच्या पावसात पान रात्रभर ओलं राहिलं की तो खालून वर चढतो. गंधक भुरीवर चालतं. भुरीत पानावर पिठासारखा पांढरा थर येतो, बोट फिरवलं की बोटाला लागतो. तुमच्या पानांवर तसं काहीच नाही. मुलाने फोटो न मागताच पुडी दिली.

तिसऱ्या फोटोतली पानं तर रोगाने गेलेलीच नाहीत. कडा कागदासारख्या वाळल्यात, डाग नाहीत, वर्तुळं नाहीत. भर दुपारी फवारलं असं तुम्ही लिहिलंय. ऑक्टोबरच्या उन्हात, पारा ३२-३३च्या पुढे असताना गंधकाने पान भाजतं. हे पुडी देतानाच सांगायला हवं होतं.

‘रोपंच रोगट विकली’ हेही तुम्ही म्हटलंय. त्याच ट्रेमधली उरलेली रोपं मी काल एकेक उलटून पाहिली. दोन रोपांच्या खालच्या पानांवर तेच डाग निघाले. रोपं दाटीवाटीने ठेवली होती आणि संध्याकाळी वरून झारीने पाणी जात होतं. सगळा ट्रे काढून टाकला. आता पाणी सकाळी, बुडाशीच.

मी मूळचा लातूरकडचा, वडिलांच्या शेतात सूर्यफूल असायचं. सूर्यफुलाचा केवडा रोग भारतात पहिल्यांदा नोंदला गेला तो आमच्याच लातुरात, १९८४च्या सुमारास. त्यात रोप खुजं राहतं, पान शिरांलगत पिवळं पडतं आणि खालून पांढरी बुरशी दिसते. तसं रोप उपटूनच टाकावं लागतं. पान उलटून बघायची सवय मला तिथेच लागली. म्हणून माझ्याच नर्सरीत असं झालं याचं फार वाईट वाटलं.

उरलेली दोन रोपं वाचू शकतात. डाग पडलेली पानं कोरड्या दिवशी देठापासून कापा आणि कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको. मग मॅन्कोझेब ७५ टक्के हे बुरशीनाशक, लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅम, पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा. ऊन उतरल्यावर, मधमाश्या गेल्यावर. हातमोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा, लहान मुलांना लांब ठेवा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. कडुनिंबाचं तेल मारू का, असं तुम्ही विचारलंय. आत्ता नको. गंधकानंतर दोन आठवड्यांच्या आत तेल मारलं तर पान पुन्हा भाजेल.

मेलेल्या चार कुंड्यांत लगेच सूर्यफूल लावू नका, ही बुरशी पडलेल्या पानाकाडीत टिकून राहते. तिथे मेथी-पालक घ्या.

सहाही रोपांचे आणि पुडीचे पैसे परत ठेवलेत. सोबत बुटक्या जातीचं बी देतो. सूर्यफुलाचं सोटमूळ हलवलेलं त्याला सोसत नाही, म्हणून बी थेट नव्या मातीच्या कुंडीत पेरा, आठवड्याभरात उगवेल. येताना एक डागाळलेलं पान पिशवीत बंद करून आणा. काउंटरवरच्या मुलाला ते दाखवायचंय. सकाळी नऊ ते एक मी स्वतः असतो.

– नर्सरीचा मालक