कोळशात गंधक कमी आहे म्हणे, मग एफजीडी कशाला?

एक मेसेज फिरतोय, मला तिघांनी पाठवला. भारतीय कोळशात गंधक कमी, ईएसपी (धुरातली राख विजेच्या जोरावर पकडणारं यंत्र) धूर साफ करतो, सुपरक्रिटिकल बॉयलर आलेत, चिमण्या 275 मीटर उंच आहेत, त्यामुळे एफजीडी (धुरातला सल्फर डायऑक्साइड काढून घेणारी यंत्रणा) म्हणजे निव्वळ परदेशी कंपन्यांचं दुकान. जुलै 2025 मध्ये सरकारने चिमणीच्या उंचीच्या अटीवर कोळशावरच्या बहुतेक वीज केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूट दिली, तेव्हापासून तर याला जोरच आलाय.

गंधक कमी असतं हे खरंय, साधारण अर्धा टक्का. पण टक्का नका बघू, टन बघा. आपल्या कोळशात राखच 35-40 टक्के, उष्णता कमी, म्हणून तेवढ्याच विजेला कोळसा जास्त जाळावा लागतो. 500 मेगावॅटचा एक संच फुल लोडवर दिवसाला साधारण 8 हजार टन खातो, त्यातलं अर्धा टक्का म्हणजे 40 टन गंधक, आणि जळताना त्याला ऑक्सिजन चिकटला की वजन दुप्पट, म्हणजे 80 टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड. एका संचातून, एका दिवसात. चंद्रपुरात असे पाच संच आहेत, वर 210 चे दोन, करा गुणाकार.

ईएसपी राख पकडतो, नीट चालवला तर 99 टक्क्यांच्या वर, त्याबद्दल वादच नाही. पण चहा गाळला की पत्ती गाळणीत राहते, साखर नाही राहत. वायूचं तसंच.

सुपरक्रिटिकलमध्ये (कोराडीचे 660 चे तीन संच आहेत ना, तसे) वाफेचा दाब 221 बारच्या वर असतो, कोळसा थोडा वाचतो, म्हणून गंधकही थोडंच वाचतं. बस.

आता चिमणी. जवळच्या गावाला दिलासा मिळतो, मान्य. पण तो वायू वर जाऊन गायब होत नाही हो, वाटेत त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात आणि शेकडो किलोमीटर लांब पीएम 2.5 म्हणून कुणाच्या तरी छातीत उतरतात, म्हणून "केंद्राजवळच्या मीटरवर सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच आहे" हा दाखला मला पटत नाही, मीटर जमिनीजवळचा वायू मोजतो आणि बराचसा वायू वरून पुढे निघून जातो, त्याची धूळ लांब कुठेतरी होते.

खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे. एफजीडी स्वतः वीज खातो, चुनखडी लागते, त्या क्रियेत थोडा कार्बन डायऑक्साइडही निघतो. भांडायचं तर यावर भांडा ना. परदेशी दुकान म्हणाल तर आपली सरकारी कंपनी भेलसुद्धा एफजीडी बसवते.

आणि डहाणू बघा. 500 मेगावॅटचं केंद्र, चिकूच्या बागांचा तालुका, निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या पर्यावरण प्राधिकरणाने पिच्छा सोडला नाही म्हणून 2007 मध्ये समुद्राच्या पाण्यावर चालणारा एफजीडी बसला. तिथली चिमणी किती उंच आहे माहितीये? 275 मीटर.