तेल नको!

आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्या रात्रीच्या जेवणात वाडगाभर सॅलड लिहून दिले, तेव्हा मला त्यात घाबरण्यासारखे काही दिसले नाही. खरी मेख खालच्या ओळीत होती : ‘ड्रेसिंग घरीच करावे. तेल नको.’ साध्या पाश्चात्त्य ड्रेसिंगमध्ये एक भाग व्हिनेगरला तीन भाग तेल घालण्याचा प्रघात आहे, आणि १५ मिलिलिटरच्या चमच्याभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात. तेव्हा तेल वजा केल्यावर त्या पाककृतीत उरते ते केवळ आंबट तोंड.

तेलाची जागा चक्क्याला द्यावी, असे मी ठरवले आणि साय काढलेल्या दुधाचे दही फडक्यात बांधून स्वयंपाकघरातल्या नळाला टांगले. आमच्याकडे नळाला पुरचुंडी लटकली की श्रीखंड, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असल्याने मुलाने जायफळ शोधून काढले आणि बायकोने केशर दुधात भिजत घातले. या चक्क्यात साखरेऐवजी लसूण पडणार आहे, हे मी जाहीर केल्यावर घरात जी शांतता पसरली, ती मी फक्त पडलेल्या उमेदवाराच्या मांडवात पाहिली आहे.

झणका यावा म्हणून मोहरी घालायची होती. ‘बाटलीतली कशाला? घरी फेस,’ असे म्हणून आईने मोहरीची पूड आणि वाटी पुढ्यात ठेवली. पाणी लागले की मोहरीतले विकर जागे होते आणि तो नाकात जाणारा झणका तयार होतो. आंबट आधीच घातले तर त्याला खीळ बसते. हे रसायनशास्त्र मी वाचून सांगेपर्यंत आई ‘लिंबू शेवटी हं,’ म्हणून मोकळीही झाली होती. मी फेसत राहिलो. थोड्याच वेळात डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि श्रीखंड हुकलेल्या मुलाला तेवढेच समाधान मिळाले.

मुलीने मध सुचवला. तो नैसर्गिक असला तरी मोठ्या चमच्याला साठेक कॅलरी मोजून घेतो, म्हणून त्याला बरणीतच राहू दिले. काकडीला मीठ लागले की ती पाणी सोडते आणि ड्रेसिंग वाडग्याच्या तळाशी जाऊन बसते, म्हणून मीठही पाने वाढेपर्यंत रोखून धरले. अखेर चक्का, मोहरी, लसूण, मिरपूड, लिंबू आणि कोथिंबीर यांचे जे मिश्रण झाले ते, मी केले म्हणून सांगत नाही, पण खरोखरच चविष्ट होते.

आईने एक घास घेतला, ‘छान झालंय,’ म्हणाली, आणि उठून आत गेली. आतून जिरे तडतडल्याचा आवाज आला. मी हात आडवा घालण्यापूर्वीच वाडग्यात दाण्याचा कूट पडला होता, म्हणजे १०० ग्रॅमला साडेपाचशेहून अधिक कॅलरी असलेला ऐवज, आणि त्यावर चुरचुरणारी फोडणी.

‘आई, अगं बाईंनी काय लिहून दिलंय?’

‘वाचलंय मी. तेल नको म्हणाल्यात. हे तूप आहे.’