दारूगोळ्याच्या कारखान्याची बातमी कोण देणार?

आपल्या विदर्भात अंबाझरी, जवाहरनगर, भद्रावतीला ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत, पुलगावला दारूगोळ्याचं भांडार. पुलगावला 2016 मध्ये आग लागली, त्यात जवान आणि अग्निशामक दलाची माणसं गेली. जवाहरनगरला जानेवारी 2025 मध्ये स्फोट झाला, आठ कामगार गेले. तिथली माहिती काढणं म्हणजे काय जोखीम असते, हे वाचकांपर्यंत फारसं पोचतच नाही, म्हणून लिहितोय.

समजा, स्फोटाआधीच एखाद्या कामगाराने सुरक्षेच्या त्रुटींचा अंतर्गत अहवाल वार्ताहराला दिला असता. 1923 च्या ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्टनुसार (सरकारी गुपितांचा कायदा) असे कारखाने 'प्रतिबंधित ठिकाण' आहेत. कलम 5 खाली कागद देणारा अडकतो आणि जाणूनबुजून घेणाराही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कलम 3, म्हणजे हेरगिरी, लावलं तर चौदा वर्षांपर्यंत. त्यात एक गंमत आहे (गंमत कसली म्हणा): हेतू वाईट होता हे ठराविक कृत्यातून सिद्ध करावंच लागतं असं नाही, परिस्थिती, वागणूक आणि 'ज्ञात चारित्र्य' यांवरूनही तो मानता येतो. इंग्रजांनी लिहिलेलं वाक्य आपण शंभर वर्षं जपून ठेवलंय.

हेर पकडायलाच हवेत, त्यावर वाद नाही. ब्रह्मोसच्या एका अभियंत्याला 2018 मध्ये इथून, नागपुरातूनच, हेरगिरीच्या आरोपावरून अटक झाली होती. पण तेच कलम बातमीदारावरही चालतं. देवळालीला जवानांना अधिकाऱ्यांच्या घरची कामं करायला लावतात, असं दाखवणाऱ्या महिला पत्रकारावर 2017 मध्ये याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने तो 2019 मध्ये रद्द केला. त्याआधी 2002 मध्ये पत्रकार इफ्तिखार गिलानींना इंटरनेटवर कुणालाही मिळणाऱ्या मजकुरासाठी सात महिने तिहारमध्ये काढावे लागले. सुटका झाली म्हणून 'व्यवस्था काम करते' असं म्हणणाऱ्यांनी ते सात महिने आधी मोजावेत. जिल्ह्याच्या ठिकाणी तुटपुंज्या मानधनावर काम करणारा वार्ताहर तर एवढं वाचूनच ती बातमी सोडून देईल. त्याच्यावर गुन्हा दाखल करायची गरजही पडत नाही.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(2) नुसार गोपनीयतेपेक्षा जनहित मोठं असेल तर प्राधिकरण माहिती देऊ शकतं. म्हणजे जनहित तोलायचा अधिकार साहेबाला. तीच माहिती छापणाऱ्याने 'जनहितासाठी छापली' म्हटलं, तर 1923 च्या कायद्यात त्या बचावाला जागाच नाही. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने हा कायदा रद्द करून नेमक्या तरतुदी राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात घ्या, असं 2006 मध्येच सुचवलं होतं.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चा नेऊन उपयोग नाही राजेहो, कायदा संसदेचा आहे. विदर्भातल्या खासदारांना विचारा: कलम 5 मध्ये देशाचं प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करायची अट आणि जनहिताचा बचाव, या दोन गोष्टी घालायला तुमचा विरोध आहे का? असेल तर का?