दिव्याला टोपडं

इंदूरला मोटारींच्या शौकाची परंपरा मोठी आहे. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३०च्या दशकात थेट अमेरिकेहून ड्यूसेनबर्ग मागवली आणि तिच्यावर इंग्लंडातल्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली. पुढे याच महाराजांच्या नावाने शहरात एम. वाय. हॉस्पिटल उभं राहिलं. म्हणजे मोटार आणि दवाखाना ही दोन खाती त्यांनी वेगवेगळी ठेवली होती. मी ती एकत्र केली. मी जुनी अँब्युलन्स घेतली.

गाडी १९८४ची, बजाज टेंपोची मॅटाडोर. चाळिशी ओलांडलेल्या मराठी माणसाला मॅटाडोर सांगावी लागत नाही. लग्नाचं वऱ्हाड, मंडपाचे बांबू, गणपतीची मूर्ती, शाळेची सहल, ब्रेडच्या लाद्या, सगळं तिच्यातून गेलेलं आहे. मूळची ही जर्मन बाई. टेंपो आणि हानोमाग या कंपन्यांच्या घराण्यातली. १९६९पासून पुण्याजवळ आकुर्डीला बनायला लागली आणि अशी काही रुळली की तिचं माहेर कुठलं हे कुणी विचारेनासं झालं. कंपनीने २००५मध्ये फोर्स मोटर्स असं नाव घेतलं. आमच्या पिथमपूरला तिचा कारखाना आहे, त्यामुळे इंदूरच्या निम्म्या मेकॅनिकांचा कुणी ना कुणी मामा तिथे नोकरीला असतोच आणि बाकीचे निम्मे ‘कंपनीतून शिकून आलोय’ असं सांगतात.

लोहामंडीच्या मागे एका भंगारवाल्याकडे ती उभी होती. मी ‘जुनी अँब्युलन्स’ म्हणून भाव विचारत होतो, तो किलोचा भाव सांगत होता. शेवटी काट्यावरच चढवली. आतलं स्ट्रेचर लोखंडी निघालं, त्याचे पैसे त्याने आनंदाने वेगळे लावले.

ट्रान्सपोर्ट नगरच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी पत्र्यावर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, ‘‘भिया, इसमें पत्रा कम है, लांबी ज्यादा है.’’ आधीच्या मालकांनी प्रत्येक पोचा लांबी, म्हणजे पुट्टी, भरूनच सरळ केलेला. खरवडायला घेतल्यावर गाडीची कुंडलीच बाहेर आली. सर्वांत वर मळका पांढरा, त्याखाली कुणा टेंट हाऊसचा गुलाबी, त्याच्याखाली स्कूल बसचा पिवळा आणि तळाशी अँब्युलन्सचा मूळ पांढरा. डाव्या दाराच्या आत, रबराच्या पट्टीखाली, एक हिरवी काचेची बांगडी सापडली. अख्खी होती. उस्तादांनी ती पुसून डॅशबोर्डवर ठेवली आणि तासभर कुणी हातोडा चालवला नाही.

मॅटाडोरची अँब्युलन्स का करत, याचं उत्तर गाडीखाली झोपल्यावर मिळतं. ती पुढच्या चाकांवर ओढली जाते. मागच्या चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल नाही, इंजिनापासून तिथवर मधून जाणारा प्रोपेलर शाफ्ट नाही, त्यामुळे आतला तळ एवढा खाली की दोन माणसं स्ट्रेचर कमरेच्या खालीच सरकवू शकतात. पेशंटला उचलून उंच चढवायची भानगड नाही. चढावर हीच गोष्ट अंगाशी येते. वजन मागे, जोर पुढे. भेरूघाटात मॅटाडोरची पुढची चाकं जागेवर फिरताना ज्यांनी पाहिली आहेत, ते आजही ओंकारेश्वरला जाताना आधी गाडी कुठली ते विचारतात.

इंजिन मात्र खानदानी. बजाज टेंपोने मर्सिडीजच्या परवान्याने बनवलेलं ओएम ६१६, चार सिलिंडर, २.४ लिटर. हेच इंजिन जर्मनीत मर्सिडीज २४० डी नावाच्या मोटारीत बसायचं. हे कळल्यापासून उस्ताद फोनवर ‘मर्सिडीज का काम चल रहा है’ असं सांगतात आणि बिलही त्याच भाषेत देतात. जुनं डिझेल, त्यामुळे थंडीत आधी हीटर लावायचा, सिलिंडरमधले प्लग लाल होईपर्यंत थांबायचं आणि मगच स्टार्टर मारायचा. जानेवारीतल्या पहाटे छातीत कळ आलेला माणूस स्ट्रेचरवर घामाघूम होऊन पडला असेल आणि ड्रायव्हर शांतपणे सांगत असेल, ‘‘जरा दम धरा, हीटर तापतोय.’’

गाडी प्रथम घरासमोर उभी राहिली त्या सकाळी शेजारचे काका शहाळं घेऊन आले. दार मीच उघडलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आईची चौकशी केली, ती आतून धडधाकट आवाजात ‘‘कोण आलंय रे?’’ म्हणाली, तेव्हा काकांनी पायरीवर बसून शहाळं स्वतःच प्यायलं.

आईचा प्रश्न वेगळा होता. ‘‘यात किती जण गेले असतील रे?’’

‘‘गेले नाहीत आई, दवाखान्यात पोचले.’’

‘‘सगळे?’’

आता याला काय उत्तर देणार? तिने भटजींना विचारलं. भटजींना गाडीची पूजा येत होती, अँब्युलन्सची शांत येत नव्हती. मग दोन्हींच्या मधलं काहीतरी झालं, दक्षिणा मात्र दोन्हींची गेली.

गाडी बघायला येणारा प्रत्येक जण तिचं काय करायचं हे ठरवूनच येई. मेहुण्याला तिच्यात पोह्यांचा ठेला दिसला. ‘‘खायला छप्पन दुकानपर्यंत जायचीच गरज नाही, सलाइनच्या हुकाला पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याचा डबा टांगायचा!’’ भावाच्या मुलांना ती रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, हवी, टपावर पाण्याची टाकी आणि पंप बसवून. बायकोने आधी तोंड वाकडं केलं, मग स्वतःच वहीत माप घेऊन पडदे, दोन बर्थ आणि गॅसची शेगडी काढून दाखवली, उज्जैन-मांडू करायला. मी सगळ्यांना एकच सांगायचो, काही बदलायचं नाही, होती तशी करायची. ‘होती तशी म्हणजे टेंट हाऊसवाली गुलाबी का?’ असं मेहुणा विचारायचा.

मूळ रूप परत आणण्यात मजा असते, हे ज्याने केलं त्यालाच कळतं. टपावरच्या लाल दिव्याचंच घ्या. जन्मभर मी समजत होतो, दिवा फिरतो. उघडला तेव्हा कळलं, बल्ब आपल्या जागी स्वस्थ असतो. त्याच्याभोवती एक छोटी मोटर आरसा फिरवते. मोटर जाम झाली होती. तेल घातलं, कार्बन बदलले आणि एका संध्याकाळी घराच्या भिंतींवरून लाल झोत फिरायला लागला. गल्लीतले एक माजी पुढारी तेव्हापासून रोज फिरायला निघाले की फाटकाशी थांबतात. मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ला उतरले. त्यांच्याकडे तो होता की नव्हता माहीत नाही, पण दिव्याकडे बघण्याची नजर सरावाची आहे.

पेंटरचं प्रकरण त्यानंतरचं. समोरच्या पत्र्यावर इंग्रजीत ‘अँब्युलन्स’ उलटं लिहिलेलं असतं, म्हणजे पुढच्या गाडीवाल्याला ते आरशात सुलट दिसावं. खरवडताना खालची जुनी अक्षरं पुसट दिसत होती. मी पेंटरला म्हटलं, ‘‘जैसा था वैसा ही.’’ दुपारी जाऊन बघतो तर लालभडक, टपोरी, सरळ अक्षरं.

‘‘भिया, पहले वाले ने पूरा उल्टा लिख मारा था,’’ पेंटर ब्रश पुसत म्हणाला. ‘‘मैंने सुधार दिया. सुधारने का अलग से कुछ नहीं लूंगा.’’

मी त्याला स्कूटरचा आरसा धरून सगळा प्रकार समजावला. त्याने आरशात बघितलं, मान तिरकी केली, पुन्हा बघितलं आणि सहानुभूतीने म्हणाला, ‘‘तो आगे वाले को पलट के देखने में क्या तकलीफ है?’’ शेवटी अक्षरं कागदावर काढून, कागद उलटा करून, सुईने टोचून त्याने ती छापली. त्याचं मात्र अलग से घेतलं.

गाडी अशी तयार झाली की दाराच्या कडेचा लाल पट्टा, दोन्ही बाजूंचा लाल क्रॉस, मधल्या सरकत्या काचेवरचं ‘चालक से बात न करें’, सगळं जिथल्या तिथे. मग भाचा आला. भाचा वकील आहे, हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात उभा राहतो. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, ‘‘मामा, सुंदर! आता ही रस्त्यावर आणता येणार नाही.’’

मग त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. लाल दिवा खासगी माणसाला चालत नाही. सायरन म्हणजे निरनिराळ्या सुरांत ओरडणारा हॉर्न, तो अँब्युलन्स, अग्निशमन, पोलीस अशांनाच. नोंदणीच्या पुस्तकात एक आणि गाडी दुसरीच, असं केलंत तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आणि तो लाल क्रॉस? तो तर जिनिव्हा करारातला निघाला. भारताने १९६०मध्ये त्यासाठी कायदाच केला आहे, केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय तो कुणी वापरायचा नाही. डॉक्टरांनीसुद्धा नाही. माझ्या दारातल्या मॅटाडोरवर एक आंतरराष्ट्रीय करार मोडला जातोय, हे ऐकून बायकोला प्रथमच गाडीचा थोडा अभिमान वाटला.

‘‘मग व्हिंटेजमध्ये नोंदवू,’’ मी म्हटलं. तर त्याचेही नियम २०२१ साली आलेले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली असावीत, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि तरीही रोज फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, डिझेल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. माझी गाडी २०३४ला पात्र होणार. तोवर ती व्हिंटेज नाही, नुसतीच म्हातारी. एकूण असं की अर्धवट होती तोवर तिला कुणी हटकत नव्हतं. हुबेहूब झाली आणि बेकायदा ठरली.

तोडगा आईने काढला. तिने नातवाच्या दुपट्याचं उरलेलं फ्लॅनेल घेऊन दिव्याला टोपडं शिवलं, नाडीसकट. सायरनची वायर काढली. क्रॉस आणि अक्षरांवर वर्तमानपत्र चिकटपट्टीने लावलं. अँब्युलन्स गाडी खासगी करून घ्यायचे कागद भाच्याने जमवायला घेतले, आणि ते झाले तशी आम्ही एका रविवारी पहाटे पातालपाणीला निघालो. वाटेत पोहे-जलेबी झाली. आई मागे स्ट्रेचरवर शाल पांघरून आडवी झाली, कारण गाडीत तेवढीच एक जागा आरामाची आहे. सरकत्या काचेतून ती माझ्याशी अखंड बोलत होती. त्यावरची सूचना हिंदीत असल्याने ती आपल्यासाठी नाही, असं तिचं मत.

महूच्या अलीकडे गाडीने मान टाकली. डिझेलमध्ये हवा धरली असणार. मी सीटमधलं इंजिनचं झाकण उघडून हातपंप मारत बसलो. आई तेवढ्यात झोपली. वाऱ्याने वर्तमानपत्र केव्हाच उडालं होतं, हे मला नंतर कळलं.

मागून १०८ आली. रिकामी परतत होती. करकचून थांबली, दोन पोरं उडी मारून उतरली. ‘‘पेशंट किधर है?’’

‘‘पेशंट नहीं है भिया, माताजी हैं,’’ मी म्हणेपर्यंत सरकता दरवाजा उघडलासुद्धा. आत स्ट्रेचर, स्ट्रेचरवर शाल, शालीत आई. एकाने नाडी धरली, दुसऱ्याने पट्टा गुंडाळून फुगा दाबायला सुरुवात केली. आईने डोळे उघडले. घाबरेल असं वाटलं, पण तिने दुसरा हातही शालीतून बाहेर काढून दिला.

‘‘एक सौ पचास,’’ पोरगा म्हणाला.

‘‘ते ह्याच्या गाडी चालवण्याचं,’’ आई म्हणाली. ‘‘बरं झालं आलास. आता शुगरही बघून टाक रे बाळा.’’

त्याने मशीन काढलं. ‘‘माताजी, सुबह से कुछ खाया?’’

‘‘थोडंसं.’’

पुढच्या सीटवरून, सरकत्या काचेतून, बायकोचा आवाज आला. ‘‘दोन प्लेट पोहे, जलेबी, आणि वर शिकंजी.’’

पोरग्याने मशीन परत पिशवीत ठेवलं.