ग्लासगोच्या दारांवरचे आकडे मृतांचे नाहीत: खुलासा

गेल्या आठवड्यात मीही पुढे पाठवलेल्या एका संदेशात ग्लासगोतल्या जुन्या घरांच्या दारांवरचे पत्र्याचे बिल्ले दाखवले होते. ‘आतला आकडा म्हणजे त्या घरात कॉलऱ्याने गेलेली माणसं, महापालिकेचे निरीक्षक तो ठोकून जात,’ असं खाली लिहिलं होतं. ते चुकीचं आहे. आधी तपासायला हवं होतं.

तो आकडा जिवंत माणसांचा आहे. १८६२ च्या कायद्याने ग्लासगोत तीन खोल्यांपर्यंतची, २,००० घनफुटांहून मोठी नसलेली घरं मोजून दारावर बिल्ला लावायची सोय झाली. बिल्ल्यावर घराचं घनफळ आणि तिथे किती प्रौढांनी झोपायचं ते लिहिलेलं असे. माणशी ३०० घनफूट, आठ वर्षांखालचं मूल अर्धं धरायचं. म्हणूनच १,०५० घनफुटांच्या खोलीला साडेतीन माणसं! फोटोतल्या अशा ‘अर्ध्या’कडे नीट पाहिलं तरी मृतांचा हिशेब जुळत नाही.

निरीक्षकांचं खरं काम रात्रीचं. मध्यरात्रीच्या सुमारास दार ठोठावून ते डोकी मोजत. जादा माणसं मग पलंगाखाली, कपाटात, कधी छपरावरही लपत. भाडं एकट्याला झेपत नसे, म्हणून तर पोटभाडेकरू ठेवलेले असत. बिल्ल्याने त्यांची सोय कुठे लागणार होती?

तो फोटो खराच आहे, फक्त खालचा मजकूर चुकीचा. माझ्याकडून ज्यांना तो आला त्यांनी कृपया पुढे पाठवू नये, आणि पाठवला असेल तर तिथे हा खुलासा टाकावा.