चपला आणि विवेक बाहेर काढून ठेवा
सज्जन व्हायचंय? आता लई सोपं झालंय राजेहो. पूर्वी मोहाशी झगडावं लागायचं, कधी हरावंही लागायचं. आता नुसतं वायफायला जोडून घ्यायचं, नको ती पानं वरूनच बंद असतात. नागपूरकरांच्या सोयीसाठी काही सूचना देतो.

पहिली सूचना: कुतूहल घरीच ठेवा. माझी भाची नर्सिंगला आहे. आमच्या भागातल्या एका अभ्यासिकेत परवा ती स्तनपानावर काही शोधत होती. पडद्यावर पाटी झळकली, 'ही सामग्री आपल्यासाठी योग्य नाही.' नर्सिंगच्या पोरीला! स्तनाच्या कर्करोगाची तपासणी शोधली, तर तीच पाटी. मी काउंटरवर गेलो. तिथला पोरगा म्हणाला, "काका, ते वरूनच बंद आहे." वरून म्हणजे कुठून? "ते नाही माहीत बा." मग शेजारच्या कॉम्प्युटरवर मी वशीकरणवाले बाबा शोधले. झटक्यात उघडले, वर फोन नंबरही मिळाला. म्हणजे परस्त्री वश करायला हरकत नाही, बाळाला दूध कसं पाजायचं ते मात्र विचारायचं नाही.

दुसरी सूचना: घरातल्या पोराला व्हीपीएन, म्हणजे बंद पान मागच्या दाराने उघडायची युक्ती, काय असतं ते विचारू नका. त्याला माहीत आहे.

तिसरी सूचना: कारण मागू नका. कारण देणं हे सरकारच्या तब्येतीला मानवत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ मध्ये संकेतस्थळं बंद करायची कारणं मोजून दिली आहेत: देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे. नीतिमत्ता त्यात नाही. मग २०१५ च्या जुलैअखेर दूरसंचार खात्याने काय केलं? दुसरंच कलम काढलं, नीतिमत्ता आणि सभ्यतेचं नाव घेतलं आणि एका आदेशात ८५७ संकेतस्थळं बंद करून टाकली. बोंबाबोंब झाली, तेव्हा काही दिवसांत इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना सांगितलं, की ज्यात लहान मुलांचं अश्लील साहित्य नाही ती सुरू करा. त्यात आहे की नाही हे आम्ही कसं ठरवायचं, असं कंपन्यांनी विचारलं. आता सांगा, लहान मुलांच्या शोषणाचं साहित्य बंद हवं यावर कोणाचं दुमत आहे? तो गुन्हाच आहे. पण त्याच्या आडून मोठ्या माणसांच्या पाहण्यावाचण्याची झडती कायले? आणि ६९अ खालचे आदेश तर २००९ च्या नियमांनुसार गोपनीय! काय बंद केलं ते सांगायचं नाही, का बंद केलं तेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली कलम ६६अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून माणसाला आत टाकणारं कलम, रद्द केलं तेव्हा आपण पेढे वाटले. ६९अ त्याच निकालात कायम राहिलं, हे किती जणांनी वाचलं?

चौथी सूचना: दीक्षाभूमीवरून जाताना मान वळवू नका, उगाच काहीबाही आठवतं. १९५६ च्या ऑक्टोबरात तिथे लाखो लोकांनी बाबासाहेबांच्या तोंडून बावीस प्रतिज्ञा ऐकून घेतल्या. त्यांत दारू न पिण्याचीही होती. गुत्त्यांना टाळं ठोकून कोणी ती वदवून घेतली नव्हती. माणसं स्वतः विचार करून, स्वतःच्या तोंडाने बोलली. उलट शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली दारू बंद केली आणि २०२१ मध्ये बंदी उठवली. मधल्या काळात तिथे दारू मिळतच नव्हती, असं सांगणारा इसम मला एकदा भेटायचाय.

पाचवी सूचना... जाऊ द्या. तुम्ही, सोसायटीच्या ग्रुपवर 'बरं झालं बंद केलं' म्हणून अंगठे दाखवणारे, तुमच्याशीच बोलतोय. पोरीबाळींशी शरीराविषयी चार शब्द बोलायला तुमची जीभ उचलत नाही, म्हणून दिल्लीला सांगता का कुलूप लावा म्हणून? पोरगं वाईट काही पाहील याची भीती वाटते ना? मग त्याच्याजवळ बसा, बोला. कंटाळा येतो? येऊ द्या. आणि अभ्यासिका चालवणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका: काय काय बंद केलंय त्याची यादी भिंतीवर चिकटवा, कोणी ठरवलं त्याचं नाव लिहा, आणि चुकून बंद झालेलं पान उघडून द्यायला एक माणूस बसवा. पोरींच्या परीक्षा तोंडावर आल्या आहेत.